१९६६ ची मस्टँग आणि लिमिटेड स्लिप अ‍ॅक्सल: चार वाटा आणि त्यांचा खरा खर्च

मिशिगन आणि ओहायो भागात मोटार उद्योगात नोकरी करणारे मराठी इंजिनीअर पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या गॅरेजमध्ये साठी ओलांडायला आलेली एखादी फोर्ड मस्टँग झाकून ठेवलेली असते. गाडी १९६५ किंवा १९६६ ची, इंजिन २८९ घनइंचांचे व्ही-८, आणि मालकाची तक्रार ठरलेली: सिग्नल सुटला की उजवे मागचे चाक जागच्या जागी फिरते, धूर निघतो आणि शेजारची कोरियन गाडी पुढे निघून जाते. दोष इंजिनाचा नसतो. डिफरन्शियल म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणारा गियरांचा संच. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देते, त्यामुळे एका चाकाची पकड सुटली की दुसऱ्यालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल हे टाळते. प्रश्न एवढाच, की ते मिळवायचे कुठून आणि त्यासाठी नक्की किती पैसे मोजायचे.

या गाडीसाठी व्यवहारात चार वाटा आहेत: त्या काळचा मूळ फोर्डचा भाग शोधणे, आपल्याच अ‍ॅक्सलमध्ये नवे डिफरन्शियल बसवणे, भंगारातल्या फोर्ड एक्सप्लोररचा अ‍ॅक्सल कापून-जोडून घेणे, आणि नवा कोरा नऊ इंची अ‍ॅक्सल तयार मागवणे. पुढचे आकडे अमेरिकेतले, डॉलरमधले आणि ढोबळ आहेत; गावानुसार आणि कारागिरानुसार ते खालीवर होतील, पण त्यांचे एकमेकांशी प्रमाण फारसे बदलणार नाही.

आधी आपल्या गाडीखाली काय आहे ते पाहावे. व्ही-८ मस्टँगला आठ इंची अ‍ॅक्सल असतो, म्हणजे त्यातल्या क्राउन व्हीलचा (प्रोपेलर शाफ्टकडून जोर घेणाऱ्या मोठ्या दातेरी चक्राचा) व्यास आठ इंच असतो. २७१ अश्वशक्तीच्या खास इंजिनाला तेवढा नऊ इंची मिळत असे. सहा सिलिंडरच्या गाडीचा अ‍ॅक्सल याहून लहान असतो आणि तिची चाके चार बोल्टची असतात, त्यामुळे तशी गाडी असेल तर पुढची चाकेही पाच बोल्टची करावी लागतील, आणि तो खर्च या लेखाच्या हिशेबाबाहेरचा आहे. ड्रायव्हरच्या दारावरच्या पट्टीत अ‍ॅक्सलच्या रकान्यात अंक असेल तर डिफरन्शियल साधे, अक्षर असेल तर लिमिटेड स्लिप. दारे मात्र साठ वर्षांत बदललेली असू शकतात, म्हणून अ‍ॅक्सलच्या बोल्टखाली अडकवलेला पत्र्याचा छोटा बिल्ला जास्त भरवशाचा. त्यावर गुणोत्तराच्या (चाकाच्या एका फेरीमागे प्रोपेलर शाफ्टचे किती फेरे, त्या आकड्याच्या) मधोमध इंग्रजी ‘एल’ असेल, उदाहरणार्थ ‘३एल००’, तर कारखान्यातून लिमिटेड स्लिप बसून आलेले आहे.

पहिली वाट मूळ भागाची. त्या वर्षांत फोर्ड आपल्या लिमिटेड स्लिपला ‘इक्वा-लॉक’ म्हणत असे. नंतर त्याची जागा ‘ट्रॅक्शन-लॉक’ने घेतली. आठ इंची अ‍ॅक्सलची मोठी सोय अशी की क्राउन व्हील, त्याला फिरवणारे छोटे गियर म्हणजे पिनियन, आणि डिफरन्शियल मिळून एक वेगळा संच असतो, ज्याला इकडे थर्ड मेंबर म्हणतात, आणि तो दहा नट काढून पुढच्या बाजूने बाहेर ओढता येतो. त्यामुळे अख्खा अ‍ॅक्सल विकत घ्यायची गरज नसते आणि मालवाहतुकीचा खर्चही आटोक्यात राहतो. न उघडलेला इक्वा-लॉक संच चार-पाचशे डॉलरला मिळतो, दुरुस्त करून विकणारे हजाराच्या आसपास मागतात आणि वर जुना संच परत करेपर्यंत शंभर-दीडशे डॉलर अनामत ठेवून घेतात. अडचण किमतीत नाही, झिजेत आहे. ही रचना क्लच प्लेटवर चालते, प्लेट झिजल्या की लिमिटेड स्लिप नावापुरते उरते, आणि इक्वा-लॉकचे सुटे भाग ट्रॅक्शन-लॉकइतके सहज मिळत नाहीत.

इथे माझी स्वतःची फसगत सांगणे उपयोगी ठरेल. काही वर्षांपूर्वी ओहायोतल्या एका विक्रेत्याकडे मी साडेचारशे डॉलरचा अख्खा अ‍ॅक्सल पाहायला गेलो. अ‍ॅक्सल लाकडी ठोकळ्यांवर मांडून ठेवलेला होता. त्याने एक ड्रम हाताने फिरवला, दुसराही त्याच दिशेने फिरला, आणि तेवढ्यावर मी पैसे मोजले, कारण साधे डिफरन्शियल असते तर दुसरा ड्रम उलट फिरला असता. घरी बसवून गाडी ड्राइव्हवेवर वळवली तेव्हा आतला टायर फरफटत चिरचिरला. संच उघडला तर आतले छोटे गियर एकमेकांना वेल्डिंगने सांधलेले निघाले, गाठी अशा की कुणी गूळ वितळवून ओतला असावा. जे डिफरन्शियल अजिबात सुटत नाही तेही या चाचणीत उत्तीर्ण होते, हे मला त्या दिवशी कळले. म्हणून एक बाजू पक्की धरून दुसऱ्या बाजूला लांब पहार लावून पाहावी: चांगला क्लच जोर लावल्यावर अनिच्छेने सुटतो, झिजलेला हाताच्या ओढीनेच सुटतो, आणि वेल्ड केलेला मुळीच सुटत नाही.

दुसरी वाट आपल्याच थर्ड मेंबरमध्ये ईटन कंपनीचे ‘ट्रूट्रॅक’ बसवण्याची. यात क्लच नाहीच. मळसूत्री दातांचे गियर भार पडला की एकमेकांवर आणि डिफरन्शियलच्या घरावर दाबले जातात आणि जोर पकड असलेल्या चाकाकडे वळवतात. झिजायला प्लेट नाहीत, घर्षण कमी-जास्त करणारे खास तेल नको, साधे खनिज ८०डब्ल्यू-९० गियर ऑइल पुरते. वस्तूची किंमत सहाशे ते सातशे डॉलर. बेअरिंग, सील आणि शिम (अंतर जुळवण्याच्या पातळ चकत्या) यांचा संच शंभर ते दीडशे. आपण थर्ड मेंबर काढून कारागिराच्या टेबलावर नेऊन ठेवला, तर क्राउन-पिनियनचे अंतर जुळवण्याची मजुरी अडीचशे ते चारशे. म्हणजे एकूण हजार ते साडेबाराशे, आणि गाडीच्या बाकी कशालाही हात लागत नाही: प्रोपेलर शाफ्ट तोच, ब्रेक तेच, पाटे तेच, चाके तीच.

या वाटेची एक मर्यादा विकणारे क्वचितच सांगतात. ट्रूट्रॅक एका चाकाच्या पकडीच्या पटीत दुसऱ्याला जोर देते. एक चाक पूर्ण हवेत असेल तर पकड शून्य, आणि शून्याची कितीही पट शून्यच. अशा वेळी ब्रेकवर हलका पाय ठेवला की काम भागते. रस्त्यावरच्या मस्टँगचे चाक हवेत जाण्याचे प्रसंग विरळा, त्यामुळे मी याला दोष मानत नाही. याच संचात बसणारे तीनशे डॉलरच्या आसपासचे लॉकरही (जोर लागला की दोन्ही चाके एकत्र जखडणारे) मिळतात, पण ते प्रत्येक वळणावर खटखट करतात आणि सोडताना-पकडताना गाडीला हिसका देतात. रविवारी कुटुंबाला घेऊन फिरायच्या गाडीत मी ते बसवणार नाही.

तिसरी वाट सर्वांत स्वस्त म्हणून प्रसिद्ध आहे, आणि म्हणूनच तिच्यावर जरा थांबायला हवे. १९९५ ते २००१ च्या फोर्ड एक्सप्लोररला आणि तिच्याच भावंडाला, मर्क्युरी माउंटनिअरला, ८.८ इंची अ‍ॅक्सल असतो. त्याचे शाफ्ट ३१ दात्यांचे, म्हणजे आपल्या २८ दात्यांच्या शाफ्टपेक्षा जाड. त्याला डिस्क ब्रेक कारखान्यातूनच बसवलेले. आणि चाकांच्या पाच बोल्टची मांडणी मस्टँगसारखीच. २००२ पासून चार दारी एक्सप्लोररला स्वतंत्र सस्पेन्शन आले, तेव्हा त्यापुढच्या गाड्या उपयोगाच्या नाहीत. दारावरच्या पट्टीवर ‘डी४’ असेल तर ३.७३ गुणोत्तराचे लिमिटेड स्लिप आहे. ‘४५’ असेल तर ३.५५ चे साधे, ते सोडून पुढे जावे. स्वतः सोडवून न्यायच्या भंगारयार्डात हा अ‍ॅक्सल दोनशे ते साडेतीनशे डॉलरला सुटतो. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने त्याचे यू-बोल्ट असे गंजलेले असतात की पाना लावण्यात अर्धा दिवस जातो आणि शेवटी ग्राइंडरच हातात घ्यावा लागतो.

खरा हिशेब यानंतर सुरू होतो. हा अ‍ॅक्सल १९६५-६६ च्या मस्टँगपेक्षा सुमारे दोन इंच रुंद आहे आणि त्याचा पिनियन मध्यावर नाही. रूढ उपाय असा की लांब बाजूची नळी साधारण तीन इंच कापायची, तिथे दुसऱ्या एक्सप्लोररचा आखूड शाफ्ट घालायचा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या होतात आणि पिनियनही मध्याजवळ येतो. दुसरा शाफ्ट चाळीस-पन्नास डॉलर. नळी सरळ रेषेत कापून जोडणे, पाट्यांच्या नव्या बैठका योग्य कोनात वेल्ड करणे आणि मधल्या बिडाच्या घराला नळ्या पक्क्या करणे, हे घरच्या वेल्डरचे काम नाही. त्याचे तीनशे ते चारशे, बैठका आणि यू-बोल्ट वेगळे. प्रोपेलर शाफ्ट बहुतेक वेळा आखूड करून त्याला वेगळ्या मापाचा जॉइंट लावावा लागतो, दोनशे ते अडीचशे. पंचवीस-तीस वर्षांच्या अ‍ॅक्सलचे क्लच, सील, ब्रेक पॅड आणि डिस्क बदलायला आणखी दोनशे. हँडब्रेकच्या केबल आणि ब्रेकच्या नळ्या शंभर-दीडशे.

आणि मग मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेकच्या तेलाला दाब देणारा भाग. १९६६ च्या मस्टँगचे ब्रेक एकाच सर्किटवर चालतात. दुहेरी सर्किट १९६७ मध्ये आले. मागे डिस्क बसवायच्या तर दुहेरी मास्टर सिलिंडर आणि मागचा दाब नियंत्रित करणारा व्हाल्व्ह हवाच, त्याचे दीडशे ते दोनशे. ही सुधारणा सुरक्षिततेसाठी कुठल्याही १९६६ च्या गाडीत करावी असे माझे मत आहे, पण ती अ‍ॅक्सलच्या निमित्ताने सक्तीची होते हे लक्षात ठेवावे. सगळी बेरीज केली की अडीचशेचा अ‍ॅक्सल चौदाशे ते सतराशेवर जातो, आणि गाडी दीड-दोन महिने स्टँडवर राहते ती वेगळीच.

अजून एक खर्च आहे जो पावतीवर दिसत नाही. मस्टँगचे मूळ गुणोत्तर बहुधा २.८० किंवा ३.०० असते. साडेपंचवीस इंच व्यासाच्या टायरवर ताशी ६५ मैलांना २.८० ला इंजिन सुमारे २४०० फेरे घेते, ३.७३ ला तेच ३२०० च्या जवळ जाते. ज्यांनी पाच गतींचा गियरबॉक्स बसवलेला आहे त्यांना याची फिकीर नाही, उलट त्यांना ३.७३ हवेच असते. मूळ तीन गतींच्या ऑटोमॅटिकवर मात्र हायवेला शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावे लागते, आणि मग दुसरे क्राउन-पिनियन आणि पुन्हा मजुरी, म्हणजे आणखी चार-पाचशे. दुसऱ्या वाटेत हा प्रश्न उलटा सोयीचा आहे: थर्ड मेंबर उघडलेलाच असतो, त्यामुळे ३.२५ किंवा ३.५५ हवे असेल तर फक्त गियरची किंमत वाढते, मजुरी तीच राहते.

चौथ्या वाटेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. करी किंवा मोझरसारख्या कंपन्या मस्टँगच्या मापाचा नवा नऊ इंची अ‍ॅक्सल ब्रेकसकट तयार करून पाठवतात, पैसे तीन हजारांच्या वर, आवडीनिवडी वाढल्या तर चार हजार. तो जवळपास अभंग असतो, पण पिनियन जास्त खाली असल्याने नऊ इंची गियर थोडी अधिक शक्ती घर्षणात खातो आणि वजनही वाढते. चारशे अश्वशक्तीचे इंजिन आणि रुंद चिकट टायर असतील तर तो घ्यावा. दोनशे किंवा सव्वादोनशे अश्वशक्तीच्या मूळ २८९ ला तो म्हणजे सायकलला ट्रकचे चाक.

कोणी माझ्याकडे सल्ला मागितला तर मी आधी विचारतो की इंजिन मूळ आहे का. मूळ असेल, गाडी रस्त्यावरच चालणार असेल, तर दुसरी वाट. आठ इंची अ‍ॅक्सल एवढ्या शक्तीला पुरून उरतो. इंजिन तीनशेच्या पुढे नेलेले असेल, मागे डिस्क हव्याच असतील आणि गियरबॉक्स पाच गतींचा असेल, तर एक्सप्लोररच्या अ‍ॅक्सलवरचे दीड हजार वाया जात नाहीत, कारण त्यातले निम्मे पैसे तुम्ही ब्रेकवर एरवीही खर्च केले असते. वेल्डिंगचे काम मात्र नळ्या साच्यात धरून करणाऱ्याकडेच द्यावे, आणि आत शाफ्ट सी-क्लिपने अडकवलेले असतात हे ध्यानात ठेवावे: शाफ्ट तुटला तर चाकासकट बाहेर येऊ शकतो, आठ इंचीत तो चाकाजवळच्या पट्टीने धरलेला असतो. मूळ इक्वा-लॉक फक्त त्यांनी शोधावे ज्यांच्या गाडीच्या पट्टीवर ते अक्षर खरोखर आहे आणि ज्यांना प्रदर्शनात परीक्षकांसमोर उभे राहायचे आहे.

दुसरी वाट निवडली तर कारागिराकडून काम परत घेताना क्राउन व्हीलच्या दातांवर रंग लावून उमटलेल्या ठशाचा फोटो आणि दातांमधल्या मोकळ्या अंतराचा मोजलेला आकडा मागून घ्यावा. तो द्यायला कां-कूं करणाऱ्याकडे हे काम टाकूच नये. शक्य असेल तर आपला मूळ थर्ड मेंबर न उघडता दुसरा साधा संच शंभरेक डॉलरला विकत घेऊन त्यातच ट्रूट्रॅक बसवावे. मूळ संच तेल लावून, बिल्ल्यासकट, गॅरेजच्या फळीवर ठेवून द्यावा, कारण पुढे गाडी विकायची वेळ आली तर घेणारा तोच आधी मागेल.