टायटन क्षेपणास्त्र संग्रहालय, अ‍ॅरिझोना: दोन किल्ल्या आणि एक गोटी

टूसॉनच्या दक्षिणेस सहुआरिटा येथे असलेल्या या संग्रहालयात पंचावन्न पायऱ्या उतरून जमिनीखाली जावे लागते. उंच माणसांना हेल्मेट दिले जाते, आणि ते मुकाट्याने घालावे. १९६३ ते १९८७ या काळात अमेरिकेने टायटन-२ या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांचे ५४ तळ सज्ज ठेवले होते. त्यांपैकी जसाच्या तसा पाहता येईल असा हाच.

सहलीचा गाभा म्हणजे नियंत्रण कक्ष. तेथील लाल तिजोरीला दोन कुलपे आहेत, दोन अधिकाऱ्यांची एकेक. क्षेपणास्त्र सोडण्यासाठी आतल्या दोन किल्ल्या एकमेकींच्या दोन सेकंदांच्या आत फिरवून पाच सेकंद तशाच धरून ठेवाव्या लागत, आणि त्यांची कुलपे एका माणसाचे हात पोहोचणार नाहीत इतकी दूर आहेत. आमच्या गटातील एका मुलीला किल्ली फिरवण्याचा मान मिळाला, तेव्हा सगळी खोली चिडीचूप झाली. मार्गदर्शन उत्तम, तिकिटाचे पैसे वसूल.

तथापि एकावर दुसरा पहारा बसवला की शस्त्र सुरक्षित झाले, हा विचार अर्धाच आहे. काटेकोर शिस्त, सततचा सराव आणि जादा यंत्रणा यांच्या बळावर धोकादायक कामही बिनचूक चालवता येते, असे अभ्यासकांचा एक पक्ष मानतो. विमानवाहू नौका हे त्यांचे आवडते उदाहरण. उलट समाजशास्त्रज्ञ चार्ल्स पेरो यांनी १९८४ मध्ये मांडले की गुंतागुंतीच्या आणि एकमेकांत घट्ट अडकलेल्या यंत्रणांत अपघात अटळ असतात, किंबहुना प्रत्येक जादा संरक्षण नवी गुंतागुंत घेऊन येते. राज्यशास्त्रज्ञ स्कॉट सेगन यांनी १९९३ मध्ये हीच कसोटी अण्वस्त्रांना लावली, आणि त्यांचा कौल बव्हंशी पेरो यांच्या बाजूने पडला.

आर्कान्सामधील दमास्कसच्या टायटन-२ तळावर सप्टेंबर १९८० मध्ये एका तंत्रज्ञाच्या पान्याची गोटी, म्हणजे नटावर बसणारा पोकळ लोखंडी तुकडा, निसटली. सुमारे चार किलोची ती गोटी ऐंशी फूट खाली पडली, तिने इंधनाची टाकी फोडली, आणि काही तासांनी सायलोचा, म्हणजे क्षेपणास्त्र ठेवलेल्या भूमिगत विहिरीचा, स्फोट होऊन एक सैनिक दगावला. नऊ मेगाटनांचे अस्त्र बाहेर फेकले गेले, पण फुटले नाही. म्हणजे अस्त्रातील रक्षक साधनांनी काम केले, हेही मान्य करायला हवे. त्या रात्री दोन किल्ल्यांचा मात्र काहीच संबंध आला नाही. किल्ल्या बदमाश किंवा माथेफिरू माणसाला अडवतात, निसटत्या हाताला नाही.

आपल्याकडे ९ मार्च २०२२ रोजी ब्रह्मोस चुकून सुटून पाकिस्तानात पडले. ते अण्वस्त्र नव्हते, तरी चौकशीनंतर तीन अधिकारी बडतर्फ झाल्याची बातमी वाचताना सेगन आठवलेच: संस्थेला माणूस दोषी ठरवणे सोपे जाते, यंत्रणा तपासणे जड.

शेवटी वर येऊन काचेतून सायलोत डोकावता येते. एकतीस मीटर उंच क्षेपणास्त्रापेक्षा माझी नजर त्याच्या आणि भिंतीच्या मधल्या पोकळीकडेच जात राहिली. गुडघे दुखत असतील तर पायऱ्यांची चौकशी आधीच करावी.