काट्याचं सॉफ्टवेअर, सात महिन्यांनी: सकाळची पहिली पावती

आमच्या जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, वजनकाट्याच्या पावत्यांचं हे सॉफ्टवेअर दसऱ्याला लागलं. भरलं वजन, रिकामं वजन, ओलाव्याची कपात, हिशेबपट्टी हे कसं चालतं ते काट्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, त्यात जात नाही. मला लिहायचंय ते फक्त डेटाबेस कनेक्शनच्या सेटिंगबद्दल. पडद्यावरच्या त्या एका खिडकीपायी पुढे कित्येक आठवडे मला रोज सकाळी शेतकऱ्यांसमोर खाली मान घालून बसावं लागलं.

मांडणी साधी आहे. ऑफिसातला जुना कॉम्प्युटर म्हणजे आमचा सर्व्हर, त्यावर सगळ्या नोंदी साठवणारा मायएसक्यूएल हा डेटाबेस, काट्याच्या केबिनमध्ये माझा कॉम्प्युटर, मुनीमजींकडे तिसरा, आणि मधून केबल टाकलेली. या सगळ्यात इंटरनेट कुठेच येत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

सुरुवातीला दोन अडचणी आल्या. लाइट गेली की राउटर पुन्हा सुरू होताना सर्व्हरला नवा आयपी पत्ता (केबलवरचा त्याचा नंबर) द्यायचा आणि माझं सॉफ्टवेअर जुनाच पत्ता शोधत बसायचं. सर्व्हरला कायमचा पत्ता दिला, प्रश्न मिटला. दुसरी अडचण जास्त बोचली. पावतीवर शेतकऱ्याच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं यायची. मायएसक्यूएल ८.० पासून मुळातच यूटीएफ८एमबी४ हा मराठी अक्षरं मावणारा अक्षरसंच धरतं, पण आमचे टेबल, म्हणजे नोंदींचे तक्ते, जुन्या आवृत्तीतून आणलेले, लॅटिन१ मधले, ज्यात मराठी मावत नाही. टेबलही बदलावे लागले आणि कनेक्शनच्या सेटिंगमधली अक्षरसंचाची नोंदही. तोवर तीन दिवसांची नावं प्रश्नचिन्हं म्हणूनच साठली होती. अशी साठलेली नावं परत मिळत नाहीत, खरं अक्षर तिथे उरलेलंच नसतं. वहीवरून सगळी पुन्हा टाइप केली.

एवढं झाल्यावर मात्र दिवाळीपासून जानेवारी संपेपर्यंत एक पावती अडली नाही. रात्री दोन-दोन वाजता ट्रॅक्टर यायचे, बंड्यांची रांग फाटकाबाहेर, आणि पावती बटण दाबलं की हातात. शेजारच्या जिनिंगवाल्यांना मी स्वतः सांगितलं, हेच घ्या.

फेब्रुवारीच्या शेवटी आवक कमी झाली, रात्रपाळी बंद झाली, आणि तिथून दुखणं सुरू झालं. सकाळी पहिली बंडी काट्यावर चढायची, मी वजन घ्यायची, आणि पडद्यावर लाल अक्षरात ‘डेटाबेसशी संपर्क होत नाही’. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू केलं की चालायचं, मग दिवसभर काही नाही. पण त्या जुन्या डब्याला सुरू व्हायला पाच मिनिटं लागतात. तोवर बैल काट्यावर उभे, मागे दुसरी बंडी. एक म्हातारे काका लागोपाठ दोन दिवस पहिल्याच नंबरला आले. दुसऱ्या दिवशी खाली वाकून खिडकीतून म्हणाले, “काहून वो ताई, काल बी असंच झालं होतं नं?” मला उत्तर देता आलं नाही. पहाटे चारला उठून बंडी जुंपणाऱ्या माणसाला वाटणारच, की काट्यातच काहीतरी काळंबेरं आहे.

विकणाऱ्या कंपनीला फोन केला. पोरगा म्हणाला, “मॅडम, नेट चेक करा.” नेट लागतच नाही म्हटल्यावर म्हणाला, “टेस्ट कनेक्शन दाबा.” दाबलं. हिरवी टिक. “बघा, कनेक्शन ठीक आहे तुमचं.” आणि त्याच मिनिटाला शेजारच्या खिडकीत पावती निघत नाही! पुढचा सल्ला म्हणजे वर्षाचा आठ हजारांचा देखभाल करार घ्या, मग माणूस पाठवू. शेठजींनी नाही म्हटलं, आणि मलाही ते पटलं. त्या रात्री मी एक तारा देऊन सगळं परीक्षण लिहून काढलं होतं.

टाकण्याआधी एकदा सॉफ्टवेअर आपल्या चुका नोंदवतं ती लॉगची फाइल उघडून पाहिली, आणि मत बदललं. म्हणजे राग गेला नाही, पण तो कुणावर काढायचा ते कळलं. लॉगमध्ये इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं होतं, की सर्व्हरकडून शेवटचं पॅकेट ३,९६,१४,००० मिलिसेकंदांपूर्वी आलं आणि ही मुदत सर्व्हरच्या ‘वेट टाइमआउट’पेक्षा जास्त आहे. हजारानं भागलं, मग दोनदा साठनं. अकरा तास. आम्ही रात्री सव्वानऊला काटा बंद करतो आणि सकाळी सव्वाआठला उघडतो.

मायएसक्यूएलमध्ये ही मुदत मुळात २८,८०० सेकंद असते, म्हणजे आठ तास. तेवढा वेळ कनेक्शनवर काही हालचाल नसली की सर्व्हर आपल्या बाजूनं ते तोडून टाकतो. भर हंगामात रात्रभर काटा चालायचा, आठ तासांची शांतता कधी मिळालीच नाही, म्हणून डिसेंबरात सगळं गोड. सॉफ्टवेअर दर वेळी नवं कनेक्शन उघडत नाही, काही कनेक्शन उघडून एका साठ्यात, म्हणजे पूलमध्ये, ठेवतं आणि तीच फिरवून वापरतं. सकाळी ते पूलमधलं रात्री मेलेलं कनेक्शन उचलायचं आणि त्यावर वजन पाठवायला जायचं. आणि ते टेस्टचं बटण? ते पूलकडे बघतच नाही. स्वतःसाठी नवं कोरं कनेक्शन उघडतं, ते अर्थातच लागतं, आणि हिरवी टिक देतं.

माझा सगळा राग या बटणावर आहे. पासवर्ड बरोबर आहे का एवढंच ते सांगतं, पण बसवलंय मात्र असं, की सगळं ठीक आहे असंच कुणालाही वाटेल. त्याच्या भरवशावर मी आठ दिवस केबल बदलत बसले, स्विच बदलला, साडेसहाशे रुपये गेले.

उपाय ‘प्रगत’ नावाच्या मागच्या टॅबमध्ये निघाला. ‘वापरण्यापूर्वी कनेक्शन तपासा’ अशी चौकट आहे, ती मुळात रिकामी असते. तिच्यावर खूण केली आणि तपासणीच्या ओळीत ‘सिलेक्ट १’ लिहिलं. आता पूलमधून कनेक्शन काढताना सॉफ्टवेअर आधी एवढंच विचारतं, उत्तर आलं नाही तर ते टाकून नवं उघडतं. रिकाम्या कनेक्शनची मुदत दहा मिनिटं केली. पूलची मर्यादा पन्नास होती, ती पाचवर आणली. तीन कॉम्प्युटरला पन्नास-पन्नास कशाला? सर्व्हर मुळात १५१ च कनेक्शन घेतो, त्यातली दीडशे आम्हीच अडवून बसलो असतो.

नंतर कंपनीच्या पोराला सांगितलं तर म्हणाला, नुसता तुटलेलं कनेक्शन आपोआप जोडणारा ‘ऑटो रीकनेक्ट’ चालू केला असता तरी चाललं असतं, नाहीतर सर्व्हरची मुदत वाढवायची. दोन्ही करू नका. ऑटो रीकनेक्ट वापरू नका असं सॉफ्टवेअरला डेटाबेसशी जोडणाऱ्या ड्रायव्हरच्या माहितीपत्रकातच लिहिलंय, कारण मध्येच कनेक्शन बदललं की अर्धवट नोंदीचा घोळ होऊ शकतो. भरलं वजन साठलं की नाही हे नक्की नसेल तर रिकाम्या वजनाला काय अर्थ? आणि मुदत वाढवून आमच्याकडे काय होणार? लाइट गेली की ऑफिसातला सर्व्हर पडतो, माझा कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालूच राहतो. मग मुदत आठ तास असो की महिनाभर, पूलमधली सगळी कनेक्शन मेलेलीच.

चौकटीवर खूण केली त्याला सहा आठवडे झाले. मध्ये सणाला दोन दिवस काटा बंद होता आणि त्यातच वादळानं रात्रभर लाइट नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी तेच काका फरदडीचा, म्हणजे हंगामानंतर राखलेल्या पिकाचा, शेवटचा कापूस घेऊन आले. सात क्विंटल वीस किलो, पावती पहिल्याच बटणाला निघाली. त्यांनी ती उजेडात धरून नाव वाचलं, घडी घालून खिशात ठेवली.

तारे चार. पाचवा त्या बटणासाठी राखून ठेवलाय. ते बटण पूलमधलं कनेक्शन तपासेल असं करा, किंवा ती चौकट खूण केलेलीच द्या, असं कंपनीला लेखी कळवलंय.