इन्फ्रारेड टेंपरेचर गन: डांबराच्या कामावर किती भरवशाची?

घोडा दाबला की सेकंदात आकडा, हात भाजायची भीती नाही, वाकायला नको. पेव्हरमागे (रस्त्यावर गरम डांबरी माल पसरणाऱ्या यंत्रामागे) चालणाऱ्या सुपरवायझरला ही गन आवडते ती याचमुळे. पण आकडा फक्त वरच्या कातडीचा असतो आणि सगळी गोम तिथेच आहे.

टिपरची ताडपत्री काढून मालावर गन रोखली की 125 अंश दिसतात. त्याच ढिगात दांड्याचा थर्मामीटर 15 सेंटीमीटर खुपसून काटा थांबेपर्यंत ठेवा, 150 सहज भरतात. वर साय धरलेली असते, इतकंच. गाडी घ्यायची की परत पाठवायची हे गनवर ठरवू नका. मालातून वाफ किंवा धूर निघत असेल तर आकडा आणखी खाली येतो.

गनचे पैसे खरे वसूल होतात ते स्क्रीडच्या मागे, म्हणजे पेव्हरच्या शेवटी थर सपाट करणाऱ्या पाटीमागे. थराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश फिरवत न्या. मध्येच एखादा पट्टा शेजारच्यापेक्षा 15 अंशांनी थंड लागला, तर बहुधा गाडी संपताना हॉपरचे (पेव्हरच्या पुढच्या, माल घेणाऱ्या पेटीचे) बाजूचे पंखे मिटून कोपऱ्यातला गार माल आत ढकललेला असतो. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही. पण तिथेच दाब कमी बसतो आणि पुढे खडी सुटते. लगेच खुणा करून रोलर आधी तिकडे वळवा. 80 च्या खाली गेल्यावर कितीही फेऱ्या मारा, घनता फारशी वाढत नाही.

रोलर नुकताच गेलेल्या जागी मात्र थांबा. ड्रमच्या पाण्याची ओल असते, ती उडून जाईपर्यंत आकडा खोटा.

लाल ठिपक्यावर जाऊ नका, तो नुसता नेमासाठी. 12:1 ची गन 12 फुटांवरून 1 फूट रुंद वर्तुळाची सरासरी सांगते, म्हणजे कडेला धरली तर बाहेरची मातीही त्यात आली. मीटरभरावरून धरा. उत्सर्जकता (पृष्ठभाग किती उष्णता बाहेर टाकतो त्याचं प्रमाण) 0.95 वर कायम असलेली स्वस्त गन डांबराला चालते. चकचकीत पत्र्यावर तीच फसते.

घेताना 12:1 च्या खालची नको. 380 अंशांपर्यंतची पुरते, त्यापुढच्या रेंजला जादा पैसे कशाला? गार एसी केबिनमधून काढली की अर्धा तास बाहेर ठेवून मगच वापरा. आणि काच पुसायला मऊ कोरडा कपडा. साइटवरचं डिझेलचं फडकं लागलं की तिच्यावर तेलाचा थर बसतो.