कांदा बियाण्याच्या प्लॉटला भाड्याच्या मधपेट्या: पेट्या मोजू नका, चौकटी मोजा

जानेवारी-फेब्रुवारीत कांद्याचे डेंगळे (फुलांचे दांडे) फुलायला लागले की बुलढाणा, जालना, नाशिक, अहिल्यानगर भागात परागीभवनासाठी मधपेट्यांची चौकशी सुरू होते. भाडे बहुधा पेटीमागे ठरते. कांदा बियाण्यासाठी ही सेवा घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र ती ज्या पद्धतीने विकली जाते त्यात शेतकरी फसण्याची जागा मोठी आहे, आणि ती पेटीच्या झाकणाखाली आहे.

आधी कांद्यालाच माश्या एवढ्या का लागतात ते पाहू. एका गोंड्यात, म्हणजे डेंगळ्याच्या टोकावरच्या गुच्छात, शेकडो फुले असतात आणि ती टप्प्याटप्प्याने उमलतात. प्रत्येक फुलाचे सहा पुंकेसर आधी पराग सोडतात, त्याच फुलाचे स्त्रीकेसर मागाहून तयार होते. त्यामुळे फुलाला पराग दुसरीकडून आणून द्यावा लागतो, आणि वारा हे काम करत नाही. फळाच्या तीन कप्प्यांत दोन-दोन बीजांडे असतात, म्हणजे सगळे जुळले तर सहा बिया. एक-दोनच भरल्या आणि बाकीचे बोंड पोचट राहिले, तर खत वाढवून उपयोग नाही.

पूर्वी हे काम आग्या, सातेरी आणि फुलोरी या इथल्या मधमाश्या फुकट करत. बांधावरची झाडे गेली, बांधाच्या रानफुलांवर तणनाशक पडले, मधासाठी आग्याची पोळी पेटवली गेली आणि फुलोऱ्यातल्या फवारण्या वाढल्या. दक्षिण भारतात १९९०च्या दशकात थाई सॅकब्रूड या विषाणूने सातेरीच्या असंख्य वसाहती संपवल्या. शेतात पेटी भाड्याने आणायची वेळ आली ती या सगळ्यामुळे.

आता पेटीबद्दल. भाड्याने येते ती बहुतेक मेलिफेरा, म्हणजे युरोपियन माशीची दहा चौकटींची पेटी. चौकट म्हणजे पेटीत उभी लावलेली, पोळे धरणारी लाकडी पट्टी. सपाटीवरच्या कांद्याला तीच सोयीची. सातेरी सह्याद्रीच्या पट्ट्यात चांगली, पण त्रास झाला की पेटी सोडून निघून जाते. बाहेरून सगळ्या पेट्या सारख्याच दिसतात. आत आठ चौकटी माश्यांनी दोन्ही बाजूंनी झाकलेल्या असतील तर ती सक्षम वसाहत. चारच चौकटी भरलेल्या असतील तर ती अर्धीही पेटी नाही, कारण लहान वसाहतीत बहुतेक माश्या घरकामातच अडकतात आणि शेतात जाणाऱ्यांचे प्रमाण घटते. भाडे पेटीवर ठरले की मधपाळाला कमजोर वसाहत पाठवण्यात तोटा नसतो. म्हणून दर भरलेल्या चौकटींवर ठरवा आणि माल उतरल्यावर दुसऱ्या दिवशी, ऊन वर आल्यावर, मधपाळाकडूनच प्रत्येक चौथी-पाचवी पेटी उघडून घ्या. पाच-सहा चौकटींत अंडी, अळ्या आणि झाकलेले कोष दिसले पाहिजेत. उघड्या अळ्या विशेष पाहा: त्यांना भरवायला पराग लागतो, आणि पराग गोळा करणारी माशीच परागीभवन जास्त करते. नुसत्या मधाने जड झालेल्या पेटीचा तुमच्या कांद्याला फारसा उपयोग नाही. जाळे आणि भुसा दिसला तर मेणकिडा शिरलाय, ती पेटी परत द्या.

एकरी दोन ते तीन सक्षम पेट्या, हा आमचा हिशोब. साधारण दहा टक्के फुले उमलल्यावर त्या आणाव्यात. आधी आणल्या तर माश्या आसपासच्या करडई-सूर्यफुलावर लागतात आणि मग तिथून हलत नाहीत. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असते, त्यामुळे दुसरे चांगले फूल जवळ असेल तर माशी कांदा टाळते. मेलिफेरा दोन-तीन किलोमीटर सहज जाते, हे लक्षात ठेवूनच परिसर पाहा. फुलोऱ्यात पाण्याचा ताणही देऊ नका. मकरंद आटला की माशी फिरकत नाही.

वाहतूक रात्रीच व्हावी, दारावर जाळी लावून. पेट्या एकाच कोपऱ्यात न ठेवता दोन-तीन जागी, दार पूर्वेला, दुपारी सावली मिळेल अशा ठेवाव्यात. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंग्या चढत नाहीत. जवळ उथळ पाणी, त्यात दगड किंवा गोणपाट. पेटी एकदा मांडली की पाच-पन्नास फूट सरकवू नका: माश्या जुन्याच जागेवर परततात आणि तिथेच मरतात.

सगळ्यात मोठे नुकसान फवारणीने होते. फुलकिडे आणि करप्याचा बंदोबस्त फुले उमलण्याआधीच उरकून घ्यावा. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, फिप्रोनिल ही कीटकनाशके फुलोऱ्यात शेतात नकोतच. युरोपीय संघाने इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झामचा उघड्या शेतातला वापर २०१८मध्ये बंद केला तो माश्यांसाठीच. फवारणी टळतच नसेल तर सूर्यास्तानंतर, लवकर विरणारे औषध, आणि मधपाळाला आदल्या दिवशी निरोप. भर उन्हात दार बंद करून वर फवारले तर माश्या आत गुदमरून मरतात. शेजाऱ्याची फवारणी ही तर करारात कोणीच न लिहिणारी गोष्ट. ती लिहा: कोणाच्या फवारणीने पेटी मेली तर भरपाई कोणाची.

एक सावधगिरी आणखी. माशीला तुमचा वाण आणि शेजाऱ्याचा वाण यात फरक कळत नाही. प्रमाणित बियाण्याला दुसऱ्या कांदा वाणापासून ५०० मीटर, पायाभूत बियाण्याला (ज्यापासून प्रमाणित बियाणे तयार करतात) १,००० मीटर अंतर लागते. ते नसेल तर पेट्या आणून भेसळच वाढेल.

सेवेचा उपयोग झाला का, हे तपासायला खर्च नाही. उमलण्याआधी दहा गोंड्यांवर बारीक जाळीची पिशवी बांधा, शेजारचे दहा मोकळे ठेवून त्यांना खूण करा. काढणीला दोन्हींतले भरलेले बी वेगवेगळे तोला. पेट्यांपासून दूरच्या टोकाचे दहा गोंडेही तोलले तर पेट्या पुरल्या की नाही तेही कळते.

कलिंगड, डाळिंबालाही ही सेवा उपयोगी आहे. द्राक्षाला तिच्यावर पैसे घालू नका.

दरवर्षी लागणारच असतील तर स्वतःच्या पेट्या घेण्याचा विचार होतो. प्रशिक्षण पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत आणि महाबळेश्वरच्या मध संचालनालयात मिळते. पण कांदा संपल्यावर उन्हाळ्यात फुले नसतात. साखर-पाणी समप्रमाणात देऊन पेटी जगवावी लागते, पावसाळ्यातही लक्ष द्यावे लागते. वर्षाचे अकरा महिने हे करायला घरात माणूस नसेल, तर चौकटी मोजून घेतलेली भाड्याची पेटीच बरी.