घरी येऊन कुलमुखत्यारपत्र: पैसे वसूल, वेळेचं नाव काढू नका

साताऱ्यात निबंधक कार्यालयासमोर टायपिंगवाल्यांच्या रांगेत एक वकीलबाई बसतात. आईचं कुलमुखत्यारपत्र, म्हणजे तिच्या वतीने व्यवहार करायचा मला दिलेला लेखी अधिकार, त्यांच्याकडून करून घेतलं, त्याबद्दल लिहिते.

आई 82 वर्षांची, खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर. तिच्या नावावरचा पुण्यातला फ्लॅट विकायचा होता. आधी मी शहाणपणा करून एका नोटरीकडे गेले. पाचशेचा स्टॅम्प, आठशे फी, दहा मिनिटांत लाल शिक्का. "आजींचा अंगठा घरून उठवून आणा, चालतंय," म्हणाले, तेव्हाच मला कळायला हवं होतं. लिहून देणारा भारतातच राहत असेल तर खरेदीखत नोंदवायला दुय्यम निबंधकासमोर झालेलंच कुलमुखत्यारपत्र लागतं. तेराशे पाण्यात.

वकीलबाई घरी आल्या आणि मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही जरा बाहेर बसा." दार लोटून आईशी वीस मिनिटं बोलल्या. मला राग आला, खोटं कशाला बोलू. बाहेर येऊन त्यांनी माझ्या मसुद्यातलं 'सर्व स्थावर-जंगम मिळकतीबाबत' सरळ खोडलं. "आजींना फ्लॅट विकायचाय. गावाकडची जमीन यात कशाला घातलीत?" मी नेटवरून उतरवलं होतं, काय सांगणार! शेवटी राहिला तो एक फ्लॅट, त्याच्या चतुःसीमा, आणि रक्कम आईच्याच खात्यात जमा होईल ही ओळ.

स्टॅम्प पुन्हा पाचशेचाच. आईने मुलीला, विनामोबदला दिलंय म्हणून. परक्याला विक्रीचे अधिकार दिले असते तर खरेदीखताइतकी ड्युटी बसली असती.

गृहभेटीसाठी अर्ज, डॉक्टरांचा दाखला आणि ओळख पटवायला दोन माणसं. दुय्यम निबंधक साहेब अकराला येणार होते, आले चारला. तोवर आई इरकली नेसून उशीला टेकून बसलेली. तिचे अंगठे भांडी घासून गुळगुळीत झालेत, यंत्र काही घेईना. कारकुनाने ओल्या फडक्याने पुसून, दाबून, सहाव्या खेपेला ठसा उमटला. उशीर बाईंच्या हातात नव्हता, पण एक फोन करायला काय जातं? एक तारा त्याचाच कापलाय.

फी साडेचार हजार, पावतीसकट.

खरेदीखताला त्या पुण्यालाही आल्या. मी आईच्या नावाची सही ठोकायला निघाले होते. त्यांनी हात धरला. सही आपलीच करायची, आईच्या नावापुढे 'तर्फे कुलमुखत्यार' म्हणून. सोबत घोषणापत्र: लिहून देणार हयात आहेत, आणि कुलमुखत्यारपत्र रद्द केलेलं नाही. त्यावर सही करण्याआधी बाईंनी मला आईला फोन लावायला लावला. स्पीकरवर विचारलं, "आजी, बऱ्या आहात ना?"

आई म्हणाली, "पैसे जमा होईस्तोवर आहे."