चुसान पाम, १० लिटरची कुंडी : चार हिवाळ्यांनंतर

२०२१च्या एप्रिलमध्ये इथे इंग्लंडमधल्या एका ऑनलाइन नर्सरीतून ६५ पौंडांना हा पाम मागवला. उंची लिहिली होती १२० सेंटिमीटर. घरी आल्यावर टेप लावली तर कुंडीच्या बुडापासून सगळ्यात उंच पानाच्या टोकापर्यंत बरोबर १२०! खोड म्हणाल तर वीतभरही नाही. फोन केला तर बाई म्हणाल्या, सगळेच असं मोजतात. मोजत असतील, पण मग तसं लिहा की. रोप मात्र ठणठणीत होतं. पानं वर गोळा करून कागदात गुंडाळलेली, माती ओलसर, मुळं पांढरीशुभ्र. म्हणून ठेवून घेतलं.

आम्ही गुहागरकडचे. माड-पोफळीत वाढलेल्या माणसाला लीड्सच्या परसात तसलं काहीतरी डोलताना बघायची हौस, दुसरं काय! माड इथे एक हिवाळाही काढणार नाही. हा काढतो, कारण मूळचा चीनच्या डोंगरांतला. पान पंख्यासारखं, म्हणजे दिसायला माडापेक्षा ताडाच्या जवळचा. वनस्पती गोळा करत फिरणाऱ्या रॉबर्ट फॉर्च्यूनने १८४९ मध्ये चीनहून इंग्लंडला याची रोपं धाडली, म्हणून शास्त्रीय नाव ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी.

लेबलवर 'उणे २० अंशांपर्यंत' असं ठोकून दिलंय. त्यावर विसंबू नका, लहान रोपाच्या बाबतीत तर नाहीच. आमच्याकडे डिसेंबर २०२२च्या थंडीत परसातल्या थर्मामीटरने एका पहाटे उणे ८ दाखवलं. झाड तोवर जमिनीत रुजलं होतं, त्याला काही झालं नाही. झालं ते फेब्रुवारीत. दिवसा पाऊस, रात्री गोठण, असं पंधरा दिवस चाललं होतं. मधली, न उघडलेल्या पानाची सुरळी सहज ओढली तर अख्खी हातात आली. बुडाशी तपकिरी, बुळबुळीत, वास नासक्या खोबऱ्यासारखा.

व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवली. "कोंब कुजलाय. आपल्याकडे पावसाळ्यात माडाला होतं तेच. बोर्डो लाव." बोर्डो म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, ते इथे कुठून आणू? केमिस्टकडून हायड्रोजन पेरॉक्साइड आणलं, पोकळीत ओतलं, फसफसून वर आलं. मग पाणी आत जाऊ नये म्हणून तीन काठ्यांवर पत्र्याचा तुकडा बांधला. मे महिन्यात नवं पान आलं, टोकं कात्रीने कापल्यासारखी. त्यानंतरची पानं नीट आली. तेव्हापासून नोव्हेंबर ते मार्च तो पत्रा वर असतो, शेजारी काय म्हणायचं ते म्हणोत. हे रोप विकताना नर्सरीने थंडीऐवजी शेंड्यात साचणाऱ्या पाण्याबद्दल एक ओळ छापली असती तर माझं अर्धं काम वाचलं असतं.

दुसरी तक्रार वाऱ्याची. मोठी पानं फाटून चिंध्या होतात. तुमचं परस उघड्यावर असेल तर याचाच आखूड, ताठ पानांचा भाऊ मिळतो, वॅग्नेरियानस, तो घ्या. स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्यांनी मात्र विचारच सोडा. तिकडे दक्षिणेतल्या तिचिनो प्रांताच्या रानात हा इतका माजलाय की सप्टेंबर २०२४ पासून विक्रीच बंद आहे.

नर्सरीला ५ पैकी ३. झाडाला साडेचार.

त्यातला एक गुण बाबांमुळे. २०२४च्या जूनमध्ये ते आले, झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या, मग खोडाला लपेटलेली तपकिरी जाळी हळूच सोडवून घेतली. चीनमध्ये तिचे दोर वळतात, पावसात पांघरायला इरल्यासारखं काही करतात, हे मी सांगेपर्यंत त्यांनी मांडीवर हातभर सुंभ वळलासुद्धा. त्याने माझ्या घेवड्याच्या काठ्या बांधल्या. घेवडा केव्हाच संपला, गाठ अजून सुटलेली नाही.