फिटनेस पॅकेजची रक्ततपासणी: नमुना चोख घेतात, प्रश्न मात्र एकही विचारत नाहीत

घरी येऊन रक्ताचा नमुना नेणाऱ्या एका प्रयोगशाळेचे व्यायाम करणाऱ्या तरुणांसाठीचे ‘फिटनेस पॅकेज’ सध्या आमच्या डोंबिवलीतील व्यायामशाळेत बरेच चालते. हिमोग्राम, यकृत व मूत्रपिंडाच्या तपासण्या, लिपिड, साखर, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), व्हिटॅमिन डी, बी12 आणि एकूण टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक), असे सगळे सवलतीनंतर अडीच हजार रुपयांच्या आत मिळते. मी ही व्यायामशाळा चालवतो. मी डॉक्टर नाही, पण सभासद आपले अहवाल घेऊन आधी माझ्याकडेच येतात, आणि हे पॅकेज मी स्वतःही घेतलेले आहे. प्रयोगशाळेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या उणिवांबद्दल पुढे लिहिले आहे त्या अशा प्रकारच्या इतर पॅकेजांतही मला दिसल्या आहेत.

आधी चांगल्या बाजूविषयी. सकाळी सातची वेळ दिली होती आणि नमुना घेणारा तरुण सातच्या आधीच दारात हजर होता. सुईचे पाकीट त्याने माझ्यासमोर फोडले, प्रत्येक नळीवर बारकोड चिकटवून माझे नाव मला वाचून दाखवले आणि नळ्या थंड पेटीत ठेवल्या. शीर एका प्रयत्नात सापडली. प्रयोगशाळेला एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांची गुणवत्ता तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता आहे आणि अहवाल त्याच दिवशी संध्याकाळी मोबाइलवर आला. या बाबतीत तक्रारीला जागा नाही.

तक्रार आहे ती नोंदणीच्या अर्जाबाबत. त्यात नाव, वय, लिंग, पत्ता आणि किती तास उपाशी आहात एवढेच विचारले जाते. कोणती औषधे, इंजेक्शने किंवा पूरक पदार्थ घेता, हा प्रश्नच नाही. पॅकेज लोकप्रिय होण्याचे कारण नेमके हेच आहे, हे मला सभासदांच्या बोलण्यातून उशिरा उमगले. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही आणि कोणी काही विचारत नाही, म्हणून ‘कोर्स’वर असलेली, म्हणजे स्नायू वाढवण्यासाठी काही आठवडे ॲनाबॉलिक स्टेरॉइड घेणारी मुले ते घेतात. “डॉक्टरला कशाला सांगायचं? रिपोर्ट काढायचा, आकडे बरे असले की पुढचा कोर्स लावायचा,” हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. म्हणजे हे पॅकेज डॉक्टरच्या जागी वापरले जाते, आणि म्हणून त्याचे मूल्यमापनही त्याच कसोटीवर करायला हवे. स्टेरॉइड घेतल्याचे कोणालाही न सांगता या अहवालातून काय कळते?

यकृतापासून सुरुवात करू. एसजीओटी आणि एसजीपीटी ही एन्झाइमे केवळ यकृतात नसतात. ती स्नायूंतही असतात, त्यातही एसजीओटी अधिक. जड वजनांच्या व्यायामानंतर स्नायूंच्या तंतूंना जी इजा होते तिच्यामुळे ही दोन्ही वाढतात आणि कित्येक दिवस वाढलेली राहू शकतात. मी कोणतेही स्टेरॉइड घेत नाही, तरीही पायांच्या जोरदार व्यायामानंतर दिलेल्या माझ्या नमुन्यात एसजीओटी लाल अक्षरांत आले होते. याउलट स्टॅनोझोलॉल किंवा मेथॅन्डिएनोनच्या गोळ्या घेणाऱ्याच्या यकृतावर खरोखरच ताण येत असतो, कारण तोंडाने घ्यायच्या या गोळ्यांची रासायनिक रचना यकृतात सहज न मोडणारी अशी केलेली असते. दोघांच्या अहवालांत आकडा सारखाच दिसू शकतो. फरक ओळखायला स्नायूंतून येणारे सीके, स्नायूंत जवळजवळ नसणारे जीजीटी आणि काही दिवस विश्रांती घेऊन केलेली फेरतपासणी लागते. त्यांपैकी नेमके काय मागवायचे, हे ठरवण्यासाठी समोरचा माणूस काय घेतो ते डॉक्टरला ठाऊक असावे लागते.

क्रिएटिनिनचेही असेच आहे. ते स्नायूंतून तयार होते, त्यामुळे भरदार शरीराच्या माणसात ते मुळातच थोडे जास्त असते. त्यात क्रिएटिनची पावडर आणि भरपूर मांसाहार यांची भर पडली की आकडा आणखी चढतो, आणि त्यावरून काढलेली मूत्रपिंडाची कार्यक्षमता प्रत्यक्षाहून कमी दिसते. माझ्या एका सभासदाला त्याच्या आईने या एका आकड्यावरून मूत्रपिंड निकामी होत असल्याच्या धास्तीने मोठ्या रुग्णालयात नेले होते. मूत्रपिंड ठीक होते. पण ‘आपला क्रिएटिनिन स्नायूंमुळेच वाढतो’ असे गृहीत धरून खरा बिघाड नजरेआड करणाऱ्यांचीही कमतरता नाही. अशा वेळी सिस्टॅटिन सी ही स्नायूंच्या आकारमानावर फारशी अवलंबून नसलेली तपासणी उपयोगी पडते. पॅकेजमध्ये ती नाही.

सर्वांत जास्त गोंधळ टेस्टोस्टेरॉनच्या आकड्यावरून होतो, आणि गंमत म्हणजे मुले पॅकेज घेतात ते प्रामुख्याने याच आकड्यासाठी. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचून घेणाऱ्याचा आकडा इंजेक्शनला किती दिवस झाले त्यानुसार खूप उंच किंवा अगदी सामान्यही येऊ शकतो. नँड्रोलोन, म्हणजे मुलांच्या भाषेतले ‘डेका’, एकटे घेणाऱ्याचे स्वतःचे टेस्टोस्टेरॉन मात्र तळाला गेलेले असते, कारण बाहेरून पुरवठा होतो आहे असे मेंदूला कळताच मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून अंडकोषांना जाणारे एलएच आणि एफएसएच हे संदेश थांबतात. एलएच आणि एफएसएच या पॅकेजमध्ये नाहीत. समजा एखाद्याने त्या वेगळ्या करून घेतल्या आणि तिन्ही आकडे कमी आले, तर काहीही न सांगितलेल्या डॉक्टरला स्वाभाविकपणे पिट्यूटरीच्या आजाराचा संशय येणार, मग प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची तपासणी आणि पाठोपाठ मेंदूचा एमआरआय. डॉक्टर यात कुठेच चुकत नाही. त्याच्यापुढे जेवढी माहिती ठेवली, तेवढ्यावरून त्याने योग्यच तर्क केलेला असतो.

त्यात केस गळतात म्हणून बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या खाणारे असतात. काही यंत्रांवरील संप्रेरकांच्या चाचण्या बायोटिनमुळे चुकतात. टीएसएचसारखे आकडे खोटे कमी आणि टेस्टोस्टेरॉनसारखे खोटे जास्त येऊ शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याबद्दल 2017 मध्ये जाहीर इशारा दिला होता. इतकी साधी बाब विचारायला अर्जात एक ओळ पुरली असती.

जेथे हे पॅकेज खरोखर पैसे वसूल करून देते, त्या दोन जागाही सांगायला हव्यात. लिपिडच्या अहवालात एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) झपाट्याने घसरलेले आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) चढलेले दिसते, विशेषतः गोळ्या घेणाऱ्यांत. हा परिणाम खरा असतो आणि अहवाल तो प्रामाणिकपणे दाखवतो. दुसरी जागा हिमोग्रामची. टेस्टोस्टेरॉनमुळे तांबड्या पेशी वाढतात, रक्त दाट होते आणि गुठळ्यांची भीती निर्माण होते. वैद्यकीय कारणासाठी टेस्टोस्टेरॉन दिल्या जाणाऱ्या रुग्णाचे हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) 54 टक्क्यांच्या वर गेले तर औषध थांबवावे, असे संप्रेरकतज्ज्ञांचे मार्गदर्शन आहे. आमच्याकडे मात्र हिमोग्लोबिन 18 च्या वर आलेला मुलगा ‘अंगात रक्त भरपूर आहे’ म्हणून खुशीत पेढे वाटण्याच्या बेतात होता. आकडा छापलेला होता, त्याचा अर्थ सांगणारे कोणी नव्हते.

पॅकेजमध्ये जे नाही त्याची यादी लांब आहे. सुई किंवा कुपी वाटून वापरणाऱ्यांसाठी हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही या तपासण्या सर्वांत आधी हव्यात. रक्तदाब आणि हृदयाचा इको हे तर रक्तातून कळतच नाहीत, आणि हृदयाच्या डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्याची भिंत जाड झाली आहे की नाही ते इकोशिवाय दिसत नाही. वीर्यतपासणीचा विषय लग्न ठरेपर्यंत कोणी काढत नाही. दर आठवड्याला टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन देऊन पुरुषांसाठी गर्भनिरोधक तयार होऊ शकते का, याचे प्रयोग जागतिक आरोग्य संघटनेने 1990 च्या सुमारास केले होते आणि बहुतेकांच्या शुक्रजंतूंची संख्या त्यात कोसळली होती, एवढे सांगितले तरी पुरे. थांबवल्यानंतर ती सहसा परत येते, पण त्याला महिने लागतात, काहींना वर्षाहून अधिक.

अहवालाबरोबर ‘डॉक्टरांचा मोफत सल्ला’ही मिळतो. मला आलेला फोन काही मिनिटांत आटोपला. पलीकडच्या डॉक्टरांनी यकृताचा लाल आकडा पाहून तेलकट खाऊ नका आणि चालायला जा असे सुचवले. मी व्यायाम करतो का, औषधे घेतो का, हे त्यांनी विचारले नाही. अहवालाच्या तळाशी मात्र निष्कर्ष रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावेत, अशी बारीक अक्षरांतली सूचना आहे. ताडून पाहणाऱ्याला काहीच सांगायचे नाही, असे ठरवूनच ज्याने हे पॅकेज घेतले, त्याला त्या सूचनेचा काय उपयोग?

मग डॉक्टरला सांगावे का? माझे स्पष्ट मत आहे की सांगावे, आणि पहिल्याच भेटीत सांगावे. न सांगणारे केवळ आमच्याकडे नाहीत. अमेरिकेत वजने उचलणाऱ्यांमध्ये झालेल्या आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्टेरॉइड घेणाऱ्यांपैकी 56 टक्के लोकांनी आपल्या कोणत्याही डॉक्टरला ते कधीच सांगितले नव्हते, आणि 40 टक्के लोकांचा याबाबतीत औषध विकणाऱ्यावरचा विश्वास डॉक्टरवरच्या विश्वासाइतका किंवा त्याहून अधिक होता. आमच्या मुलांची भीती तीन प्रकारची असते. डॉक्टर घरच्यांना सांगतील, ही पहिली. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार रुग्णाचे गुपित डॉक्टरला उघड करता येत नाही. न्यायालयाचा आदेश, एखाद्या व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका आणि कळवणे बंधनकारक असलेले आजार, एवढेच अपवाद तीत आहेत. पोराचे दंड फुगवण्याचे उद्योग त्यात बसत नाहीत. दुसरी भीती विम्याची आहे आणि ती पोकळ नाही, कारण व्यसन व अमली पदार्थांच्या गैरवापरावरील उपचार अनेक आरोग्यविमा पॉलिसींतून वगळलेले असतात. केसपेपरवर काय आणि कसे लिहिले जाणार आहे, हे डॉक्टरला सरळ विचारावे. तिसरी भीती बोलणी खाण्याची. ती काही ठिकाणी खरी ठरते, हेही मी नाकारत नाही. केबिनमधून हाकलून दिल्यासारखी वागणूक मिळालेले सभासद मला ठाऊक आहेत. अशा वेळी डॉक्टर बदलावा, माहिती लपवू नये.

आमच्या भागातील एका फिजिशियनकडे मी आता मुलांना पाठवतो. तेथे पहिल्या प्रश्नांतच ‘जिममध्ये काय घेता?’ हा प्रश्न जेवणाखाण्याच्या चौकशीइतक्या सहजपणे येतो. उत्तर देताना ‘थोडंफार’ म्हणून भागत नाही. औषधाचे नाव, किती मिलिग्रॅम, किती आठवडे, शेवटचे इंजेक्शन कधी, सोबत काय घेतले आणि सध्या कोर्स चालू आहे की बंद, हे सर्व कागदावर लिहून न्यावे. कुपीचा फोटो दाखवावा, कारण चोरून विकल्या जाणाऱ्या मालात लेबलवर एक आणि आत दुसरेच असण्याची शक्यता डॉक्टरच्या लक्षात यायला हवी. ताकद यावी म्हणून मेफेंटरमाइनचे इंजेक्शन घेत असाल तर तेही सांगावे. ते स्टेरॉइड नाही, भूल देताना उतरलेला रक्तदाब चढवण्यासाठीचे औषध आहे. वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्याने तर लपवूच नये, कारण ॲनाबॉलिक स्टेरॉइडमुळे तिचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. कोर्स संपल्यावर काही आठवडे मन खचते, झोप उडते, कशात रस वाटत नाही. या काळात मानसोपचाराची गरज पडली, तर मागे काय घेतले होते हे त्या डॉक्टरलाही कळले पाहिजे.

वजन वाढावे म्हणून डेक्सामेथासोनच्या गोळ्या खाणारी बारीक अंगाची मुलेही अधूनमधून भेटतात. ते वेगळ्या जातीचे स्टेरॉइड आहे, दमा किंवा सांधेदुखीसाठी देतात तसे. ते बरेच आठवडे घेतल्यावर शरीर स्वतःचे कॉर्टिसॉल, म्हणजे ताण पेलायला लागणारे संप्रेरक, बनवणे थांबवते, म्हणून ते एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला ही माहिती असणे अत्यावश्यक असते. या पॅकेजमध्ये कॉर्टिसॉलची तपासणी नाही, आणि असती तरी न सांगता तिचा अर्थ लागला नसता.

पाचपैकी गुण द्यायचे तर नमुना घेण्याच्या सेवेला मी साडेचार देईन, अहवालाच्या वेळेला पाच, तपासण्यांच्या निवडीला अडीच आणि मोफत सल्ल्याला एक, तोही फोन वेळेवर आला म्हणून. ज्याचा डॉक्टर ठरलेला आहे आणि ज्याने त्याला सर्व सांगितले आहे, त्याने हे पॅकेज घेतले तर पैसे वाचतात. डॉक्टरला टाळण्यासाठी घेणाऱ्याला मी ते सुचवणार नाही. अर्जात औषधांविषयी एक रकाना वाढवावा, असे मी प्रयोगशाळेला लेखी कळवले होते. सूचना संबंधित विभागाकडे पाठवल्याचे उत्तर तत्परतेने आले. त्यानंतर अर्ज तसाच राहिला आहे, मात्र दोघांनी मिळून नोंदणी केल्यास मिळणाऱ्या सवलतीचा नवा रकाना त्यात दिसू लागला आहे.